छेद

शाळेत अपूर्णांक शिकवताना तावडेबाई म्हणायच्या,
वर अंश, खाली छेद,
खालचा विसरलात तर वरचा कोणाचाच नाही.
मी पाठ केलं. कळलं पस्तिशीत,
नेरूळला, संशोधन कक्षात, दुसऱ्या मजल्यावर,
गुडघेदुखीच्या नव्या गोळीचे फॉर्म लावताना.

दोनशे चाळीस माणसं.
निम्म्यांना गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची.
कोणाला कुठली, त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही;
चिठ्ठी बंद पाकिटात.
सह्या, अंगठे, साक्षीदार, सगळं नियमाने.
तीन महिन्यांनी पाकिटं फोडली:
गोळीवाल्यांत बहात्तर टक्क्यांना आराम,
पिठवाल्यांत एक्कावन्न.
केळुसकर सरांनी पेढे मागवले.
मी एक खाल्ला, बोटं पुसली,
आणि तक्त्यावरून बोट खाली नेलं.

बहात्तर. पण कितींपैकी?
त्र्याऐंशींपैकी.
आणि सुरुवातीला तर एकशेवीस होते.
तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात
सदतीस माणसांची मिळून एक ओळ:
पाठपुराव्यास अनुपलब्ध.

शनिवारी-रविवारी सदतीस पत्ते घेऊन हिंडले.

तुर्भ्याला, कांदा-बटाटा मार्केटात, दगडू शेवाळे
पाठीवरचं पोतं न उतरवताच बोलला:
बरं वाटलं की मॅडम, म्हणून तर नाय आलो.
दवाखान्यापायी खाडा कोण भरून देणार?
(म्हणजे न येणारे सगळेच दुःखी नव्हते.
हेही लिहिलं. माझ्या संशयाला ते आवडलं नाही.)

कोपरखैरण्यात कुलूप.
घणसोलीत फोटोला हार.
गोळीने की वयाने, मुलाला विचारवेना.
विचारलं.
तो म्हणाला, तुम्हीच सांगा.

दिवाळे गावात चांगुणाबाई
बोंबील उलटेपालटे करत होती.
फॉर्मवरचा आपलाच अंगठा तिने ओळखला, हसली.
गोली खाल्ली न् पोटान आग परली, बाय.
तीन रोज खाल्ली, मंग दिली खारीन टाकून.
मग सांगायला यायचं नाही का, मी म्हटलं.
तिने माझ्या चपलांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.
तुमचा दादर चरायला
गुरघं पायजेत ना, बाय?

लिफ्ट बंद आहे आमची, जूनपासून.
पाटीवर लिहिलंय, तसदीबद्दल क्षमस्व.
ज्यांचे गुडघे चढले, ते वर आले
आणि म्हणाले, गुडघे बरे आहेत.
आम्ही ते लिहून घेतलं.

सदतीसांतले एकोणतीस सापडले.
एकवीस जणांच्या पोटात तीच आग.
दगडूचा आराम जमेला धरूनही
बहात्तर पन्नाशीच्या आसपास घसरले.
आठ जण अजून सापडलेले नाहीत.

सोमवारी कागद सरांच्या टेबलावर ठेवला.
वाटलं, रागावतील.
वाटलं, कंपनीचं नाव काढतील, मुदतीचं काढतील.
त्यांनी चष्मा काढला, कागद डोळ्यांशी नेला,
दोनदा वाचला.
मग हळूच विचारलं:
आणि पिठवाले? त्यांच्यातलेही एकोणीस आले नव्हते.
त्यांच्या घरी गेलीस?

नव्हते गेले.
माझ्या मनातच येऊन गेलं नव्हतं.
गोळी वाईट ठरवायची होती मला,
आणि तेवढ्यापुरतेच पत्ते मी उचलले होते.
तावडेबाई असत्या तर
फळ्याकडे तोंड करून उभं केलं असतं.

संध्याकाळी पर्समध्ये एकोणीस नवे पत्ते.
पेढ्यांचा खोका कपाटावर, अर्धा उरलेला.
पाच वर्षं ह्या खोलीत मी काय काय मोजलं:
नाडी, वजन, उरलेल्या गोळ्या, वेदना शून्य ते दहा.
आज कठड्याला धरून, हळू,
चांगुणाबाईच्या गुडघ्यांनी उतरत गेले.
एक्केचाळीस.
मधल्या वळणावर एक प्लास्टिकची खुर्ची आहे.
ती तिथे कोणी ठेवली,
कोण कोण तिच्यावर टेकून
तसंच खाली परत गेलं,
त्याची नोंद आमच्याकडे नाही.